माशाची शेपटी, बाबांचा अंगठा

फाल्गुनातल्या सकाळी हट्ट्याच्या शिवारात शिरलं की आधी वास भेटतो, मग गाव. ओल्या हळदीला वाफ लागली की जो वास सुटतो, तो स्वयंपाकघरातल्या डब्यातल्या हळदीचा नव्हेच. त्यात नुकत्याच उकरलेल्या काळ्या मातीचा ओलावा असतो, कैरीच्या कोयीचा तुरटपणा असतो आणि अगदी शेवटी घशाशी रेंगाळणारा कडवट गोडवा असतो. बांधावरच्या पळसांचा केशरी रंग त्या पांढऱ्या वाफेआड क्षणभर विरघळतो आणि पुन्हा उजळून येतो, कालव्याच्या पाण्यावरून येणारी गार झुळूक तो वास उचलून थेट घराच्या उंबऱ्यापर्यंत आणून सोडते, आणि महिनाभर गावातल्या कुणाच्याच कपड्यांना, केसांना, अंथरुणांना दुसरा वास म्हणून राहत नाही. हळदीतलं पिवळं द्रव्य शुद्ध करून काढलं की त्याला वास जवळजवळ उरत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी पुण्याच्या प्रयोगशाळेत त्याच्या छोट्या बाटलीचं बूच उघडलं की मला तो येतोच. माझे सहकारी हसतात. हसू देत.

मी जे काम करते ते सांगायला सोपं आणि करायला किचकट आहे. बोटाच्या पेराएवढे, अंगावर निळसर पट्टे असलेले मासे आम्ही पाळतो. त्यांना गुंगी देऊन शेपटीचा कडेचा भाग किंचित कापायचा आणि मग पाहत राहायचं. कारण या माशांना निसर्गानं एक अपूर्व देणगी दिलेली आहे, त्यांची शेपटी पुन्हा उगवते. सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम दिसते ती कापलेल्या जागी आलेली एक पारदर्शक कड, साबणाच्या पाण्यावर धरणाऱ्या पापुद्र्याइतकी नाजूक. त्या कडेतल्या पेशींमध्ये जन्मापूर्वी कधीतरी जागी असलेली आणि नंतर निजलेली जनुकं पुन्हा जागी होतात, रक्तवाहिन्यांचे कोवळे धागे तिच्याकडे वाट काढत सरकतात, आणि पंधरवड्यात शेपटी होती तशी होते. या जखमेवर हळदीचं द्रव्य पोचवलं तर काय होतं, ते आम्ही शोधतो आहोत. पण हळद मोठी मानी. पाण्यात विरघळायचं नाव घेत नाही. म्हणून तिला अतिसूक्ष्म कणांत भरावं लागतं, इतक्या सूक्ष्म की एका केसाच्या जाडीत असे शेकडो कण शेजारी शेजारी मांडता येतील. निळ्या प्रकाशाखाली ते कण पोपटी हिरवे चमकतात. हळद कधी अशी दिसेल असं मला कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

हे सगळं बाबांनी गावभर सांगून ठेवलेलं होतं. आपली पोरगी आपल्याच हळदीतून जखमेचं औषध काढून राहिली, हे वाक्य वसमतच्या बाजारापासून शिवारातल्या शेवटच्या बांधापर्यंत न ऐकलेलं कुणी उरलं नव्हतं. मला संकोच वाटायचा, आणि खोटं कशाला बोलू, बरंही वाटायचं.

आणि मग एके दिवशी आईचा फोन आला. बाबांना कित्येक वर्षं शुगर आहे. हळद काढणीच्या दिवसांत चपलेतून खिळा वर आला आणि उजव्या अंगठ्याखाली रुतून बसला, आणि त्यांना कळलंच नाही. साखरेनं पायाच्या नसा हळूहळू बधिर केलेल्या. शहाबादी फरशीवर उमटलेला डाग आईला दिसला तेव्हा जखम आत पोचली होती. वसमतच्या डॉक्टरीणबाईंनी साफ करून पट्टी बांधली, गोळ्या दिल्या आणि स्पष्ट सांगितलं, की जखम भरून आली नाही तर अंगठा काढावा लागेल, आणि अंगठ्यावरही भागेल याची खात्री नाही. पायावर भार देऊ नका, हे त्यांनी दोनदा सांगितलं होतं. आणि इकडे हळद शिजवायची वेळ झालेली. मी रजा टाकली, माशांची छायाचित्रं लॅपटॉपमध्ये भरून घेतली आणि निघाले.

बाबा बाजेवर बसून होते, पण मिनिटभरानं उठायचेच. कधी पाण्याची मोटर, कधी ताडपत्री, कधी नुसतंच. संध्याकाळी मी छायाचित्रं तपासत बसले तेव्हा ते शेजारी येऊन टेकले आणि पडद्यावर पाहत राहिले. कापलेली शेपटी, तिची कड, मग वाढलेली शेपटी. पडद्यावरच्या त्या कडेवर त्यांनी बोट टेकवलं. मग हलकेच म्हणाले, "हे औषध तू संगं आणलं आसशील."

"बाबा, ते औषध नाही अजून. माणसाला लावायचं नाही ते."

"मासोळीला लावून राहिलीस, अन् बापाला काहून न्हाई?"

या प्रश्नाला उत्तर होतं, आणि मी ते सगळं दिलं. मासा वेगळा, माणूस वेगळा; माशाच्या पेशी जे स्मरणात ठेवतात ते आपल्या पेशी विसरून जातात; ते कण माणसाच्या रक्तात गेल्यावर कुठे जाऊन बसतील हे अजून कुणाला नीट माहीत नाही; जे बरं करील असं वाटतं तेच घातही करू शकतं. मी फार समंजसपणे बोलले, आणि बोलता बोलताच मला कळत होतं की त्यांच्या कानांवर एवढंच पडतं आहे की लेक नाही म्हणते आहे. "बराबर हाय," ते म्हणाले आणि तोंड फिरवून आडवे झाले. पुढचे दोन दिवस आमच्यात चहा घेता का आणि घेतो, याखेरीज बोलणं नव्हतं. मलाही राग आला होता. ज्या गोष्टीसाठी एवढी वर्षं घालवली ती घरातल्या एकाच जखमेवर घालता येत नाही, याचा राग कुणावर काढायचा तेही कळत नव्हतं.

त्यानंतर पट्टी बदलायला आम्ही रिक्षानं वसमतला गेलो. डॉक्टरीणबाईंनी पट्टी सोडली. आत सगळं पिवळं होतं. बाबांनी रात्रीच्या रात्री पट्टी सैल करून, जात्यावरून आणलेली घरचीच हळद जखमेत ठासून भरली होती. तिचं वाळून कवच झालेलं, आणि खाली जखम आहे की पू आहे, काही दिसायला मार्ग नाही. बाईंनी कोमट पाण्यानं ते कवच भिजवून काढलं. मग बोलल्या, आणि चांगलंच बोलल्या. बाबा खाली मान घालून ऐकत होते. शेवटी माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तिच्या औषधात हेच तर हाय ना. आमच्याच शेतातलं."

परतताना मी रडले. रागानं रडले, भीतीनंही, आणि पुष्कळसं प्रेमानं रडले, हे सांगायला आता संकोच नाही. दुसऱ्या कुणी हळद लावली असती तर ती नुसती जुनी सवय म्हणता आली असती. बाबांनी लावली ती माझ्यावरच्या विश्वासानं. मी देत नाही तर मी जिथून घेते तिथून आपणच घ्यावी, इतका सरळ त्यांचा हिशेब होता. जखम त्यामुळे फार बिघडली नव्हती, पण वेळ गेला होता, आणि वेळच तर आमच्याकडे थोडा होता.

त्या संध्याकाळी मी माशांविषयी बोललेच नाही. त्यांच्या पायाशी बसले आणि एवढंच सांगितलं, की कातडीच्या नव्या पेशी जखमेच्या काठावरून आत सरकत येतात, अगदी हळू, एकमेकींचा हात धरून. तुमी एक पाऊल टाकलं की अख्ख्या देहाचा भार त्यांच्यावर पडतो आणि रात्रभर जे बांधलं ते सकाळी मोडतं. तुमाला दुखत नाही, म्हणून तुमाला कळत नाही. औषध एकच आहे, बसून राहायचं. बाबांनी ऐकलं. पायाकडे असं पाहिलं, की जणू तो पाय त्यांनी पहिल्यांदाच पाहिला.

"मंग हळद कोण बघंल?" ते म्हणाले.

इथेच खरी अडचण होती. आमच्या घरी हळद शिजली की नाही हे बाबाच ठरवतात. कमी शिजली तर वाळायला खोळंबते, जास्त शिजली तर रंग जातो. वर्षाचं पीक त्या एका वाफेवर अवलंबून. हळकुंड बोटांत दाबायचं, नाकाशी न्यायचं, काडी आरपार जाते का पाहायचं, आणि मग हात वर करायचा. तो हात वर झाल्याशिवाय हळद वाफवायच्या मोठ्या लोखंडी कुकरचं झाकण उघडत नाही, ही आमच्या शेतातली रीत. ट्रॅक्टरमागे कुकर ओढत गावोगाव फिरणारे शेखमामू इतक्या वर्षांचे जाणते, पण तेसुद्धा त्या हाताची वाट पाहतात.

तोड काढली आईनं. पहाटे उठून तिनं बाबांच्या चपला पत्र्याखालच्या माळ्यावर, जुन्या पेटीमागे दडवल्या. "आता जायाचं तर अनवाणी जावा," ती म्हणाली, "अन् गावाला दाखवा डॉक्टरणीचं किती ऐकता ते." मग बाज कुकरपाशी, कडुलिंबाखाली नेली. पायाखाली भुशाचं पोतं ठेवलं. शेखमामू म्हणाले, "भाऊ, तुमी बसा. आमी तुमच्यापाशी आणतो." आणि खरोखरच प्रत्येक खेपेला मूठभर हळकुंडं पितळी ताटलीतून बाजेपाशी येऊ लागली. पहिल्या खेपेला बाबा घुश्शातच होते. ताटली धरली, हळकुंड दाबलं, नाकाशी नेलं, वाफ डोळ्यांत गेली म्हणून डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांनीच म्हणाले, "आजून जरा." ती ताटली परत गेली. दुसऱ्यांदा आली तेव्हा त्यांनी हात वर केला, आणि शेखमामूंनी झाकण उघडलं. वाफेचा ढग लिंबाच्या फांद्यांत शिरून वर गेला.

पुढे हळद वाळायला घातली. चैत्राची उन्हं ताडपत्रीवर पडली की सबंध अंगण पिवळ्या उजेडानं भरून जायचं, लिंबाचा मोहर त्यावर झडायचा, आणि बाबा पडवीतल्या बाजेवरून ते सगळं पाहत असायचे. हळद पुरती वाळली की हळकुंड मोडताना टणक, धातूसारखा आवाज येतो. आई अंगणाच्या कोपऱ्याकोपऱ्यातून हळकुंडं उचलून आणायची आणि त्यांच्या कानाशी मोडायची. "न्हाई," ते म्हणायचे, "ओली हाय." आई पुटपुटत परत जायची. एकदा तिनं मुद्दाम आधीचंच हळकुंड पुन्हा मोडलं. "हे सकाळीच ऐकवलं की," बाबा म्हणाले, आणि दोघंही हसली. किती दिवसांनी मी त्यांना असं हसताना पाहत होते.

रोज सकाळी दाराशी, उन्हाच्या पहिल्या तिरिपेत, मी पट्टी बदलायचे. जखमेचा तळ आधी मळकट, मग लाल, मग दाणेदार लाल झाला. मी आशा धरायची नाही असं ठरवलं होतं. प्रयोगशाळेनं ती शिस्त मला लावलेली आहे. आणि एका सकाळी ती दिसली. जखमेच्या काठाला, आतल्या बाजूनं, एक अगदी बारीक कड. मोत्यासारखी फिकट, कोवळी गुलाबी, उजेड आरपार जाऊ देणारी. हजारदा मी ती भिंगातून पाहिली होती, माशाच्या शेपटीवर. डोळ्यांनी, भिंगावाचून, माझ्या बापाच्या पायावर ती पहिल्यांदा पाहत होते. मी चिमटा खाली ठेवला.

बाबांनी विचारलं, "काय झालं?"

मी लॅपटॉप आणला, माशाच्या शेपटीचं छायाचित्र उघडलं आणि पडदा त्यांच्या पायाशेजारी धरला. ते बराच वेळ आळीपाळीनं दोन्हीकडे पाहत राहिले. "मासोळीवानीच हाय की," ते म्हणाले. मग जरा थांबून, "अन् औषध न लावता."

"लावलं ना," मी म्हटलं. "बसलात की तुमी."

त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी अंगठा राहील असं सांगितलं. त्याच दिवशी संध्याकाळी आईनं कानाशी मोडलेलं हळकुंड कट्कन वाजलं, आणि बाबांनी बाजेवरूनच हात वर केला.

मी पुण्याला परत आले. काम तेच आहे, आणि मला ते पूर्वीइतकंच, किंबहुना थोडं अधिक आवडतं. कणांत भरलेली हळद कधीतरी एखाद्या बधिर पायाच्या कामी येईलही. त्यासाठी अजून पुष्कळ मासे, पुष्कळ उंदीर, पुष्कळ वर्षं लागतील. पण आता सूक्ष्मदर्शकाशी बसले की पूर्वी मी जो प्रश्न ओलांडून पुढे जायचे, त्यापाशी रेंगाळते. शेपटी उगवते हे तर नवल आहेच. त्याहून नवल हे, की ती होती तेवढीच होते आणि थांबते. सांगणारं कुणी नसताना त्या पेशींना थांबायचं कुठे ते कळतं. कसं कळतं, याचं पुरतं उत्तर अजून आमच्यापाशी नाही.

रविवारी बाबांचा फोन येतो. आज कुणाची शेपटी किती आली, असं ते आधी विचारतात. मी सांगते. मग मी विचारते, बसलात का. "बसलोय की," ते म्हणतात, आणि मागून आईचा आवाज येतो, "चपला आजून माळ्यावरच हायत."