पेरूच्या बागेतला लाइव्ह

सासूबाईंना मी आत्या म्हणते आणि त्यांच्याशी रोज भांडते. आमची पेरूची बाग पुणतांब्याकडच्या रेल्वेलाइनला खेटून आहे. रुळापलीकडे एका कंपनीला कोळशाचा डेपो टाकायचा होता. तिथं मालगाड्या रिकाम्या होणार, कोळशाचे ढीग लागणार आणि वारा नेमका आमच्या बाजूला वाहणारा. फुलांवर काळी भुकटी बसल्यावर फळ धरतंय कशाला! बाग गेली तर आत्या खचतील, हे मला ठाऊक होतं. सासरे गेल्यापासून त्या माणसांपेक्षा झाडांशीच जास्त बोलतात.

म्हणून मी फेसबुकवर पान काढलं, 'कोळसा नको, पेरू हवा'. तिथं मी तावातावाने बोलायचे आणि बघायचं कोण, तर माझी चुलत भावंडं. एकदा दुपारी आत्या झाडाखाली भाकरी सोडून बसल्या होत्या, तेव्हा मी लाइव्ह सुरू केलं. मोबाईलमधून लोक बघतायत म्हटल्यावर त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "या जेवायला! समदे या. आयतवारी या, पिठलं-भाकरी हाय."

आता, आपल्याकडे जेवताना कुणी दिसलं की 'या जेवायला' म्हणायचं आणि समोरच्यानं 'होऊ द्या' म्हणून पुढं जायचं, ही रीत. मोबाईलमधल्या लोकांना ती कुठली माहीत! भावंडांनी ते लाइव्ह गावोगाव पुढं पाठवलं. रविवारी बांधाला गाड्या लागल्या. शेवगावहून चर्च उरकून थेट आलेलं एक शिक्षकाचं कुटुंब, तिसगावहून टेम्पो भरून बाया. मी कपाळाला हात लावला.

"आत्या, काय करून बसलात हे?"

"आलेत म्हनल्यावर उपाशी धाडू व्हय? पीठ मळ."

त्या पंगतीत कंपनीचा साहेबही बसलेला मला दिसला. जमिनीची पाहणी करायला तोच यायचा. माझं डोकंच फिरलं. त्याला उठवते म्हणून निघाले, तर आत्यांनी हात धरला. "ताटावरनं कुनाला उठवत न्हाईत." वर त्याला पिठलं वाढलं, दोन पेरू कापून दिले. त्या दिवशीही माझं लाइव्ह चालूच होतं. पेरू फार गोड आहेत म्हणत तो पोटभर जेवला आणि गेला.

पुढे तहसीलला जनसुनावणी लागली. पंगतीतली कितीतरी माणसं आली होती. त्याच साहेबानं उभं राहून अहवाल वाचला. रुळालगतची जमीन पडीक आहे, जवळपास फळबाग नाही.

आत्या उठल्या. "साहेब, मंग तुमी ज्या सावलीत बसून जेवलात, ती कशाची हुती?"

हॉलमध्ये हशा फुटला. कुणीतरी मोबाईल वर धरून त्याचा जेवतानाचा व्हिडिओच लावला. अधिकाऱ्यांनी फेरपाहणी होईपर्यंत काम थांबवायला सांगितलं. साहेब मान खाली घालून बसला.

मी तिथंच सुनावणीतला आत्यांचा आणि साहेबाचा व्हिडिओ पानावर टाकला आणि तो वाऱ्यासारखा पसरला. घरी येईपर्यंत मी आनंदानं बडबडत होते.

"त्यो व्हिडिओ काढ," त्या म्हणाल्या.

"का? खोटं बोलला ना तो? बाग जायची होती आपली, आत्या! ह्याच्यानंच वाचेल."

"वाचू दे की. मी परत बोलंन, हजार बार बोलंन. पन त्याच्या घरी बी लेकरं मोबाईल बघत असतील. आपल्या हातचं जेवलाय त्यो."

आणि त्या रडायला लागल्या. सासरे गेले तेव्हासुद्धा माझ्यासमोर त्या अशा रडल्या नव्हत्या. मला त्यांचा राग आला आणि तितकीच मायाही आली. मी व्हिडिओ काढला आणि साहेबाचा चेहरा झाकून परत टाकला.

फेरपाहणी अजून व्हायची आहे. व्हिडिओखाली लोक चिडून विचारतात, कोण होता तो, नाव सांगा. आत्या शेजारी बसून मला प्रत्येक कमेंट वाचायला लावतात, आणि मी काय उत्तर लिहिते ते बघतात. मी नाव लिहीत नाही.