टोमॅटोंची झबली

ओठांत टाचण्या धरून बोलायची सवय, म्हणून सगळी गल्ली त्यांना टाचणीमावशी म्हणायची. चाळीस वर्षं मावशींनी गल्लीचे कपडे शिवले. नजर अधू होत चालली होती, पण कबूल कोण करणार? शेवटी एका गिऱ्हाइकाच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लागल्या. गिऱ्हाईक भला माणूस, तो पोट धरून हसला. मावशी हसल्या नाहीत. त्याच संध्याकाळी त्यांनी मशीनवर चादर टाकली आणि म्हणाल्या, "झालं. बास."

त्यांचे यजमान घड्याळं दुरुस्त करत, घरातच, पुढच्या खोलीत. मावशी दिवसभर त्या खोलीत येरझाऱ्या घालू लागल्या. पंधरा दिवस घड्याळजींनी कळ काढली. सोळाव्या दिवशी त्यांच्या हातातला बारीक स्क्रू तिसऱ्यांदा खाली पडला, तेव्हा ते म्हणाले, "अगं, परसात एवढी माती पडलीय. तिथे काहीतरी लाव. नाहीतर मी तरी घर सोडतो."

मावशींनी लावलं, पण ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. टोमॅटोची बारा रोपं, काकडीचा वेल, चार वांगी. शेजारीपाजारी म्हणाले, आत्ता काही जगायचं नाही. मावशी म्हणाल्या, "बघू की."

उन्हानं मग खरंच इंगा दाखवला. सकाळी ताठ उभी असलेली रोपं दुपारी बाराला माना टाकायची. फुलं यायची आणि गळून पडायची. मावशींनी पहाटे उठून पाणी घालायला सुरुवात केली, भांडी विसळलेलं पाणीही बुंध्याशी ओतलं, वर वाळक्या पानांचा जाड थर दिला. शिवणातलं उरलेलं पांढरं अस्तर घरात होतं. ते चार काठ्यांना बांधून वाफ्यावर मांडव घातला. सावली पडली, तशी फुलं टिकू लागली. एके दिवशी पानाआड सुपारीएवढा हिरवा टोमॅटो दिसला, तेव्हा मावशींनी घड्याळजींना हातातलं काम टाकून परसात यायला लावलं.

"अरे वा," घड्याळजी म्हणाले. "आहे बुवा."

टोमॅटो लालसर झाले आणि खारी आल्या. बरं, खायचा तर एक अख्खा खावा! पण छे. ह्या टोमॅटोला एक चावा, त्या टोमॅटोला एक चावा, उरलेले जमिनीवर. उरलंसुरलं बुलबुल टोचून जात. मावशी झाडू घेऊन धावायच्या, खारी भिंतीवर बसून शेपटी हलवत बघायच्या.

"अगं भवाने, एक घे, पण संपव तरी!" मावशी ओरडायच्या.

घड्याळजींनी आपल्या परीनं मदत केली. तीन गजराची घड्याळं मांडवाला टांगली, दर वीस मिनिटांनी एक खणखणेल अशी. पहिल्या दिवशी खारी पळाल्या. दुसऱ्या दिवशी थबकल्या. तिसऱ्या दिवशी एक खार चक्क घड्याळावर बसून टोमॅटो खात होती. आणि पलीकडची बाई भिंतीवरून विचारत होती, "घड्याळजी, आम्ही दुपारी झोपायचं की नाही?"

अशातच वन्सं आल्या, म्हणजे घड्याळजींची थोरली बहीण. आठ दिवसांसाठी. गुडघे गेलेले, पण डोळे आणि जीभ दोन्ही तल्लख. मावशींना जरा धाकच वाटे. वन्सं खुर्ची टाकून परसात बसल्या, सबंध सकाळ खारींकडे बघत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "ह्यांना भूक नाही लागलेली. तहान लागलीय."

"तहान?"

"आजूबाजूला थेंबभर पाणी दिसतंय का कुठे? एक चावा मारायचा, रस प्यायचा, पुढे जायचं. तू झाडांना पाणी घालतेस, त्यांना कोण घालणार?"

मावशींना वरमल्यासारखं झालं. त्यांनी दोन पसरट परळं वाफ्यापासून लांब, भिंतीच्या कडेला पाणी भरून ठेवली. तासाभरात खारी, बुलबुल, चिमण्या, सगळी वरात तिथे. चावे निम्म्यावर आले. पण उरलेले निम्मे तरी काय थोडे?

"फळांना झबली घाल," वन्सं म्हणाल्या. "शिवणाऱ्या बाईनं हे मला विचारायचं?"

"मी शिवत नाही हल्ली. दिसत नाही मला नीट."

"टोमॅटो काय आरशात बघणार आहे? आण इकडे सुई. ओवून मी देते."

मावशींनी आत जाऊन मशीनवरची चादर ओढली. पहिली पिशवी पार वाकडी झाली. दुसरी जरा बरी. पाचव्या पिशवीपासून बोटांनाच आठवत गेलं. डोळ्यांना फारसं विचारावं लागलं नाही. दुपदरी मलमल, दुहेरी शिलाई, तोंडाशी नाडी. वन्सं दोरे ओवायच्या, मावशी पायडल मारायच्या. "दोघी मिळून एक धड बाई झालो बघ," वन्सं म्हणाल्या, आणि मावशी इतक्या हसल्या की तोंडातल्या टाचण्या सांडल्या.

संध्याकाळी झाडांवर ओळीनं पिशव्या लटकू लागल्या. शेजारीण भिंतीवरून म्हणाली, "कमालच केलीत!" मावशी म्हणाल्या, "टोमॅटोंसारखं गिऱ्हाईक नाही हो. कमरेत घट्ट होतंय म्हणत नाहीत." दुसऱ्या दिवशी शेजारीण आपल्या डाळिंबांचं माप घेऊन हजर.

एक झाड मात्र मावशींनी उघडं सोडलं, खारींच्या वाट्याचं. खारींनी ते मान्य केलं, असं नाही. दोन पिशव्या कुरतडल्याच.

वन्संचे आठ दिवस पाच आठवडे झाले. त्या निघायच्या आदल्या दुपारी मावशींनी पाच पिशव्यांच्या नाड्या सोडल्या. आत पाच लालबुंद टोमॅटो, एकालाही दात लागलेला नाही. तिघं स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. घड्याळजींनी फोडी केल्या, वर मीठ भुरभुरलं.

"आंबट आहे," वन्सं म्हणाल्या आणि बशी पुढे केली. "अजून दे."