ज्ञानूच्या नावाची हजेरी

आकाराम मूळचा गारगोटीच्या पलीकडचा. लग्न झालं तसा तो शालूबाईला घेऊन कोल्हापुरात आला आणि उद्यमनगरातल्या एका फाउंड्रीत साचे भरायला लागला. वाळू चाळायची, पेटीत ठासायची, वितळलेलं लोखंड आलं की ओतायचं. नव्वद-एक्क्याण्णव सालची ही गोष्ट. काम त्याच्या अंगवळणी पडलं, पण तिथं त्याचं स्वतःचं नाव काही टिकेना.

सलग ठराविक दिवस भरले की कामगाराला कायम होण्याचा हक्क सांगता येतो, असा कायदा. हा कायदा कामगारांपेक्षा मालकाला चांगला पाठ होता. म्हणून दिवस भरत आले की सुपरवायझर गणपतराव 'ब्रेक' द्यायचे. थोडे दिवस घरी बसायचं आणि परत यायचं ते नव्या नावानं, नवा माणूस म्हणून. एकाच माणसाला किती वेळा जन्माला घालावं याला काही धरबंध? पण कुणाला त्यात वावगं वाटत नव्हतं. परतलेल्या गड्याला बाकीचे 'बारसं झालं काय?' म्हणून चिडवायचे. एकदा तर आकारामनं बारशाचे म्हणून पेढेही वाटले होते.

अशाच एका बारशाला गणपतरावांना नवं नाव सुचेना. तू आता ज्ञानू, असं त्यांनी सांगून टाकलं. ज्ञानू हा तिथलाच जुना मोल्डर, साचे भरणारा. ब्रेकमध्ये गावी गेला आणि वेदगंगेच्या पुरात वाहून गेला. टॉवेल तेवढा काठाला सापडला, अंग मिळालंच नाही. त्याचं रिकामं पडलेलं नाव आकारामला मिळालं. शेजारच्या पेटीवरचा बाळासो म्हणाला, मेलेल्याचं नाव घेऊ नकोस. पोटाला मिळाल्याशी कारण, म्हणून आकाराम हसला.

हजेरी सकाळी फाटकाच्या आत पुकारली जायची. गणपतरावांचा आवाज असा, की भिंतीबाहेरच्या चहाच्या गाड्यावरही नावं ऐकू यायची. थोड्याच दिवसांत आकारामला फाटकासमोरच्या दगडावर एक म्हातारी रोज दिसू लागली. ती ज्ञानूची आई, चिमणाबाई. लेकाचं सामान न्यायला म्हणून आली होती. नेमकं त्याच सकाळी तिनं भिंतीपलीकडून लेकाचं नाव ऐकलं, आणि त्यावर 'हाय' असं उत्तरही ऐकलं. ती गावाला परत गेलीच नाही. आसपासच्या घरांत धुणीभांडी करून राहिली. रोज नाव पुकारलं जायचं, उत्तर यायचं, मग ती पदर झटकून कामाला जायची. मला लेकाला भेटवा, असं तिनं कधी कुणाला म्हटलं नाही. कामात हाय म्हंजे बरा हाय, सवडीनं येईल, एवढंच म्हणायची.

खरं काय ते सांगून टाकावं म्हणून एकदा आकाराम हजेरीच्या आधी तिच्यासमोर जाऊन उभा राहिला. तिनं वरही पाहिलं नाही.

"पावणं, वाईच बाजूला सरा," ती म्हणाली. "माझ्या लेकाची हाक व्हायची हाय."

आकाराम गुमान आत गेला आणि त्या दिवशी त्यानं नेहमीपेक्षा मोठ्यानं 'हाय' म्हटलं. पुढचा ब्रेक आला तेव्हा म्हातारी उपाशीतापाशी दगडावर बसून राहिल्याचं त्याला कळलं. मग परतल्यावर त्यानं आपणहून गणपतरावांना सांगितलं, हेच नाव राहू द्या. भला माणूस, पण भलेपणानंच त्याचा घात केला. नवं नाव शोधायचा त्रास वाचला म्हणून गणपतरावही कबूल झाले; ब्रेक चालूच राहिले, पण त्यानंतर त्याचं बारसं पुन्हा झालं नाही.

वर्षं गेली. घरी शालूबाई रीतीप्रमाणं नवऱ्याचं नाव घेत नव्हती, मुलं आबा म्हणायची. आकाराम या नावानं त्याला हाक मारणारं कोल्हापुरात कुणी उरलंच नाही. एकदा बाजारात गावाकडच्या माणसानं मागून 'आकाराम, आकाराम' म्हणून हाका घातल्या. हा आपला मेथीची जुडी निवडतोय. शालूबाईनं त्याची बाही ओढली.

"अवं, तुमास्नीच हाक मारत्यात. वळा की."

घरी येईस्तोवर तिनं त्याची बाही सोडली नाही. दुसऱ्याच दिवशी तिनं त्याला शाहूपुरीत सोमशेखर वकिलांकडं नेलं.

वकिलांनी सगळं ऐकून घेतलं. हे ब्रेक नुसते दाखवायचे असतात, कोर्टात ते उघडं पाडता येतं, साक्षीला सोबती आणा, कायम व्हाल, असं त्यांनी समजावलं. फक्त एक गोष्ट आधी करायला हवी होती.

"तुम्ही ओ देता तोवर तिथं ज्ञानू कामाला आहे, तुम्ही नाही," ते म्हणाले. "सोमवारी गप्प राहा. मग सगळ्यांदेखत स्वतःचं नाव सांगा."

कायम म्हणजे ब्रेक नाही, परत फाटकाशी हात जोडून उभं राहणं नाही. म्हातारीचं काय, हे मनात येऊनही आकाराम तयार झाला. बाळासोसकट चौघं-पाचजण साक्षीला कबूल झाले.

सोमवारी सवयीनं तोंडून शब्द जाऊ नये म्हणून आकारामनं टॉवेलाचा बोळा दातांत धरला. गणपतरावांनी पुकारलं, "ज्ञानू."

"हाय."

खणखणीत, अगदी त्याच्या बाजूनंच आवाज आला. गणपतरावांनी हजेरीच्या वहीत खूण केली आणि ते पुढच्या नावाकडं वळले. फाटकाबाहेर चिमणाबाई पदर झटकून उठली. टॉवेल अजून आकारामच्या दातांतच होता. त्यानं बाळासोकडं पाहिलं.

"तूच म्हणलास की," बाळासो म्हणाला, पण तो हळूहळू मागं सरकत होता.

आकारामनं टॉवेल काढून फेकला आणि पुढं होऊन ओरडला, मी आकाराम, इतकी वर्षं हितं मी राबलोय. गणपतरावांनी त्याला खालून वर न्याहाळलं. ते चिडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

"ह्या नावाचं हितं कोण न्हाय, पावणं," ते म्हणाले. "ज्ञानू आलाय की कामावर."

साक्षीला कबूल झालेले सगळे माना खाली घालून आपापल्या पेट्यांकडं गेले. आतून वाळू चाळल्याचा आवाज येत होता. आकाराम धावत आपल्या पेटीशी गेला. तिथं कुणी नव्हतं. टांगलेली चाळणी तेवढी अजून हलत होती.

शाहूपुरीत वकील वाट पाहत राहिले. शालूबाई रडली, भांडली, पण आकाराम पुन्हा तिकडं फिरकला नाही. पुढं दोन हजार चार-पाचला फाउंड्री बंद पडेपर्यंत तो ज्ञानू म्हणूनच राबला. त्या सोमवारच्या दुसऱ्या दिवसापासून तो सगळ्यांच्या आधी येऊन ओळीत उभा राहू लागला, आणि गणपतरावांच्या तोंडून नाव पुरतं निघायच्या आत, दुसऱ्या कुणी म्हणायच्या आत, ओरडू लागला, "हाय."