यादीवरच्या सह्या
“तिला काय इचारायचं? पोर गरीब गाय हाय. तुमी यादी लिवा,” भोंगवलीचे मामा आमच्या भोरच्या ओसरीवर म्हणाले. आजही ओल्या हळदीचा वास आला की त्या वाक्यानं माझं डोकं तापतं. थोड्याच वेळात लग्नाच्या यादीच्या दोन्ही प्रती लिहून झाल्या, कोपऱ्यांना हळदकुंकू लागलं. मी चहाचं तबक घेऊन दाराआड उभी होते. पाहुण्यांत बसलेला नवरा मुलगा दिल्लीला विमान खात्यात होता. परदेशांशी होणाऱ्या विमानांच्या करारांचं काम बघायचा. “समोर अमेरिका असली तरी आपण सही केल्याशिवाय त्यांचं विमान इथं उतरत नाही. बळजबरी चालत नाही,” तो सांगत होता. “व्हय, आपल्या घरात इचारल्याबिगर कोन यील?” असं म्हणत मामांनी सहीसाठी टाक वडिलांच्या हाती दिला. पुण्याच्या इंग्रजी शाळेत शिकूनही मी चारचौघांत कधी तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी मात्र बाहेर आले, तबक यादीवरच ठेवलं आणि थेट त्या मुलाकडे बघून म्हणाले, “विमान उतरवायला परवानगी लागते, मग मला न्यायला माझी लागत नाही का?”