पडद्याच्या अलीकडे

संस्थेत त्यांना सगळे उंदीरमामा म्हणत, आणि तोंडावर म्हणत. एकतीस वर्षं पांढरे उंदीर सांभाळणाऱ्या माणसाला दुसरं काय म्हणणार? दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या बिनखिडक्यांच्या खोलीत भुशाचा आणि जंतुनाशकाचा वास असे. भिंतीला लागून पिंजरे, आणि दर पिंजऱ्यावर मामांच्या गोल अक्षरातलं कार्ड. उंदीर दोन वर्षांचा झाला की म्हातारा होतो. पाठ वाकते, केस विरळ होतात, कालची वाट आज आठवत नाही. माणसाला ज्या म्हातारपणाला सत्तर वर्षं लागतात, ते मामांनी डोळ्यांसमोर किती वेळा येताना पाहिलं होतं याची गणतीच नाही.

संशोधनाच्या प्रमुख मॅडम त्या वर्षी एका औषधाची परीक्षा घेत होत्या. मेंदूतला कचरा साफ करणाऱ्या काही पेशी असतात, त्या वय झालं की सुस्तावतात. त्यांना पुन्हा कामाला जुंपलं तर विसरणं थांबेल का, एवढाच प्रश्न. चाळीस म्हातारे उंदीर घेतले, निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसतं पाणी. कुणाला काय, हे मामांनाही ठाऊक नव्हतं. मग एकेकाला गोल टाकीत सोडायचं. टाकीतलं पाणी दुधाची पावडर घालून पांढरं केलेलं आणि त्यात बोटभर खाली लपवलेला एक ठोकळा. रोज सोडलं की उंदीर ठोकळ्याची जागा शिकतो. लक्षात राहिली तर सरळ त्यावर जाऊन बसतो, नाही राहिली तर मिनिटभर गोल गोल पोहत राहतो. वरचा कॅमेरा फक्त टाकीतलं पाणी टिपतो, काठ नाही. मामांनी उंदीर सोडायचा आणि लगेच पडद्यामागे जायचं. माणूस दिसत राहिला तर उंदीर जागा लक्षात न ठेवता माणसाचीच खूण धरतो, म्हणून हा नियम. मामांनी तो कधी मोडला नव्हता.

पण त्याच वर्षी त्यांच्या बायकोला घर सापडेनासं झालं.

बाहेरून यायचं घर नव्हे, आतलंच. दोन खोल्यांचं ते घर. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेली, नुसत्या नजरेनं माप घेणारी बाई मधल्या दारात थबकायची आणि विचारायची, "अहो, बाथरूम कुठंय?" मामा सांगून सांगून थकले. दारांवर चिठ्ठ्या लावल्या, त्या तिनं व्यवस्थित घडी घालून डब्यात ठेवून दिल्या. उपयोग झाला तो एकाच गोष्टीचा. मामा बाथरूमच्या दाराशी जाऊन उभे राहिले की ती सरळ त्यांच्याकडे चालत यायची.

"तुम्ही दिसलात की बरं पडतं," ती म्हणायची.

दिवसा शेजारीण येऊन बसत असे. मायाळू बाई होती, पण ती दाराशी उभी राहिली तरी ही जागची हलत नसे.

परीक्षेच्या पहिल्या दिवशी मामांनी सतरा नंबरची म्हातारी मादी पाण्यात सोडली. तिनं नाक वर काढून इकडेतिकडे पाहिलं आणि मामांचा पाय निघेना. पडद्याशी गेले, पण आत गेले नाहीत. ठोकळा होता त्या बाजूला काठाशी उभे राहिले. सतरा नंबर त्यांच्या रोखानं पोहत आली आणि ठोकळ्यावर चढली. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलं होतं? पाच दिवस मामा सगळ्यांसाठी उभे राहिले. दयाच होती ती, पण शुद्ध मूर्खपणाची दया. ज्या औषधावर त्यांनी मनातल्या मनात सगळी भिस्त ठेवली होती, त्याचीच परीक्षा ते बिघडवत होते, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं.

आठवड्यानं मॅडम कागद घेऊन आल्या. "मामा, काही कळत नाही. औषध न दिलेलेही तितक्याच लवकर पोचतायत. फरकच नाही. बाद करावं लागणार हे."

मामा गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. पण आपल्या पायी चांगलं औषध वाया जाणार, आणि तेही घरी अशी बायको असताना, हे त्यांना सोसवेना.

"मॅडम, मी पडद्यामागे जात नव्हतो."

"कुणाच्या वेळी?"

"सगळ्यांच्याच."

मॅडम संतापल्या असत्या तर मामांना हलकं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि विचारलं, "का?" मग मामांनी घरचं सांगितलं. संस्थेत ते पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होते.

"ठोकळ्याची जागा बदलू आणि परत घेऊ," मॅडम शेवटी म्हणाल्या. "तुम्ही मात्र टाकीच्या खोलीत यायचं नाही."

पाच दिवस मामा खालच्या मजल्यावर पिंजरे धूत राहिले. जीव टांगणीला लागला होता. घरी एकदा न राहवून बोलूनही गेले, "औषध निघतंय बरं का एक."

"कुणासाठी?"

"तुझ्यासाठी."

"मला काय धाड भरलीय?" ती म्हणाली, आणि दोघं हसले. मामा जरा जास्तच हसले.

सहाव्या दिवशी मॅडम स्वतः खाली आल्या. हातात कागद नव्हता.

"कुणालाच सापडला नाही ठोकळा. औषध दिलेल्यांनाही नाही. सगळे नुसते फिरत राहिले."

"म्हणजे औषध..."

"हे तरी नाही चालत. दुसरं शोधू, पण त्याला वर्षं लागतील." त्या घुटमळल्या. "मागच्या वेळी ते पोचले ते फक्त तुम्ही दिसत होतात म्हणून."

मामांनी नळ बंद केला. नुसतं उभं राहणं म्हणजे काही इलाज नव्हे, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? फार म्हातारे झालेले उंदीर त्यांचा हातसुद्धा ओळखत नसत, चावायला येत. बायकोसुद्धा एक दिवस आपल्याकडे परक्यासारखी पाहणार, या विचारानं त्यांना भरून आलं, आणि त्यांनी ते लपवलं नाही.

"उद्यापासून मी येत नाही, मॅडम. कार्डं सगळी लिहून ठेवलीत."

"अहो मामा, निवृत्तीला आठ महिने तर राहिलेत. तेवढे काढा की."

"आठ महिन्यांनी ती माझ्याकडे चालत येईल का? तुम्ही सांगा, मी थांबतो."

मॅडमनी उभा जन्म त्याच अभ्यासात घालवला होता. त्यांनी मामांची निवृत्तीपर्यंतची रजा मंजूर केली.