रक्तातलं लोह अन् म्हातारे तारे

बायांनो, आज दवाखान्यात गेलते. रक्तात लोह लय कमी निघालं. डॉक्टरीण म्हणली, यंदा ऊसतोडीला जायचं न्हाई.

कॉलेजात शिकणारी माझी पोर बाजूला बसून परीक्षेचं वाचायली होती. म्हणली, "आये, म्हाताऱ्या ताऱ्यांतबी लोह कमी-जास्त असतं. जास्त असलं की ते निळा उजेड गिळतं, मग तारा तांबडा दिसतो. कमी असलं की त्याच वयाचा तारा निळसर दिसतो."

"मंग मी निळी व्हायला पायजे," मी म्हणले. ती हसली. मला हसू आलं न्हाई.

घरी आल्यावर नवरा म्हणला, "तुझ्या जागी पोरगी येईल ऊस तोडायला." पोरीनं पुस्तक मिटलं.

मी तिथंच बसले. रडूबी येईना.

तुमच्यातल्या कुणाची पोर एकदा उसाच्या फडावर गेली अन् परत कॉलेजात आली का? खरं सांगा, उगं धीर देऊ नका.