मामीचे पाय

भाची आपल्याला पुरती कळली आहे, असं मामा बरीच वर्षं समजत होते. आता आठवायला बसलं की लक्षात येतं, तिला चहा आवडायचा की नुसतं नाही म्हणता येत नव्हतं म्हणून प्यायची, एवढंसुद्धा त्यांना सांगता येणार नाही. थोरल्या बहिणीची एकुलती एक मुलगी. वडील गेल्यावर मायलेकी मामांच्या शेजारच्या खोलीत राहायला आल्या आणि ती तिथेच वाढली. तरी मामांनी तिला तिच्या मनातलं असं कधी विचारलं नाही.

घरात तिला सगळे मुकी म्हणत. पाहुणे आले की ही दाराआड. दुकानदाराने चुकीची वही दिली तर तीच घेऊन यायची. परत जाऊन बोलणार कोण? अशी मुलगी परदेशात नर्सिंग शिकायला जाते म्हणाली, तेव्हा मामा हसले होते.

"अगं, पेशंटला काय खुणेनं विचारणार तू?"

ती फॉर्म मात्र भरून आली.

तिथे गेल्यावर पहिले काही महिने फोनवर नुसतं "बरं आहे" चालायचं. मग एकदा आपणहून सांगत सुटली. एका आजोबांचा हात तिने न विचारता धरला, तर वॉर्डच्या मुख्य सिस्टरने तिला तीनदा दारापर्यंत परत पाठवलं. नाव सांग, काय करणार ते सांग, विचार आणि मग हात लाव. "मामा, तिसऱ्यांदा आजोबाच म्हणाले, पोरी, धर गं आता, माझा हात अवघडला!" ती खळखळून हसली. असं हसू घरात कुणी ऐकलं नव्हतं. पुढच्या वर्षी तर तिने एका मोठ्या डॉक्टरांना अडवलं आणि औषधाचं प्रमाण परत बघायला लावलं.

"रागावले असतील," मामा म्हणाले.

"बघितलं त्यांनी. चुकलंच होतं."

मामांनी ही गोष्ट न्हाव्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगितली. मुकीला वाचा फुटली म्हणून.

तिची शेवटची परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि इकडे ताईचं हृदय थकलं. चालताना धाप लागे, पाय सुजून खांबासारखे झाले. डॉक्टर म्हणाले, फार भरवसा धरू नका, मुलीला बोलावून घ्या. ताई म्हणाली, "तिला कळवलंस तर माझी शपथ आहे." मामांना ते सोयीचंच वाटलं. एवढं शिकलेलं पाण्यात कशाला घालवायचं? परीक्षा झाली की सांगू.

पण आईचा आवाज ऐकून पोरीला शंका आली. व्हिडिओवर म्हणाली, "मामा, आईचे पाय दाखवा."

मामांची बोबडी वळली. "नेट गेलं वाटतं," म्हणून त्यांनी फोन ठेवला. तेवढ्या वेळात युक्ती सुचली. मामीला ताईला खेटून पलंगावर बसवलं, दोघींवर एकच चादर घातली आणि मामीचे पाय बाहेर काढले. परत फोन लावला. ताईच्या चेहऱ्यावरून मामांनी तो हळूच खाली आणला.

"घोट्यावर अंगठा दाबा. पाच अंक मोजा. सोडा. सुजेचा खड्डा राहिला?"

"कुठला खड्डा? बघ की, गुळगुळीत आहे."

ती पडद्याजवळ वाकून बघू लागली. मग म्हणाली, "बरं."

फोन ठेवल्यावर मामी म्हणाली, "लग्नाला पस्तीस वर्षं झाली, माझ्या पायांकडे कुणी एवढं निरखून बघितलं नव्हतं." ताई हसली, हसता हसता तिला ढास लागली. मामाही हसले. त्या हसण्याची त्यांना आजही शरम वाटते.

परीक्षेच्या दुसऱ्या पेपरच्या दिवशी ताई गेली. तेही त्यांनी चार दिवस लपवलं.

तिकीट मिळून भाची आली तेव्हा दिवसकार्य उरकलं होतं. तिने रडणं-ओरडणं केलं नाही. दवाखान्याची फाइल मागून घेतली, पान न् पान वाचलं आणि विचारलं, "त्या दिवशी पाय कुणाचे होते?"

मामी म्हणाली, "माझे गं."

"मला वाटलंच होतं. आईच्या टाचांना भेगा होत्या. त्या पायांना एकही नव्हती." तिने फाइल मिटली. "वॉर्डात असते तर सोडलं नसतं मी. परत विचारलं असतं. पण परीक्षा होती ना. मलाही खरं मानायचं होतं."

मामांनी तोंड उघडलं. चुकलं माझं, एवढेच दोन शब्द. पण ज्या घरात तिला मुकी म्हणत, त्या घरात त्यांचीच जीभ टाळ्याला चिकटली.

ती परत गेली, तिकडेच नोकरीला लागली. फोन आठवड्याचे महिन्यावर आले, मग सणासारखे क्वचित. शेवटचा आला त्याला आता चार वर्षं होतील. त्या सकाळी मामांनी ठरवलंच होतं, आज ते दोन शब्द बोलायचेच.

"मामा, बरे आहात ना?"

"बरा आहे. तिकडे थंडी आहे का गं?"

"आहे थोडी. आज कपडे वाळत नाहीत."

"आत घाल मग, खुर्चीवर."

"घालते. ड्यूटीला निघायचंय, ठेवू?"

"हो, ठेव."